हिपॅटायटिस सी आणि खानदेश : सुईपासून गोळीपर्यंत

पटकी, प्लेग आणि हिवताप यांच्या साथींनी खानदेशातील गावे ओस पाडली, आठवडी बाजार बंद पाडले आणि त्यामुळे त्यांची नोंद सरकारी दप्तरांत व लोकांच्या आठवणींत टिकून राहिली. हिपॅटायटिस सी या आजाराला मात्र तशी ठळक नोंद मिळाली नाही. रक्तावाटे पसरणाऱ्या एका विषाणूमुळे यकृताला येणारी ही दीर्घकालीन सूज वीस-वीस, तीस-तीस वर्षे कोणतेही लक्षण न दाखवता आत मुरत राहते, आणि जेव्हा पोटात पाणी होते किंवा रक्ताची उलटी होते तेव्हा तिचा उगम कोणत्या वर्षी, कोणत्या दवाखान्यात झाला हे रुग्णालाच काय, डॉक्टरलाही सांगता येत नाही. म्हणून जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या संदर्भात या आजाराचा व त्याच्या उपचाराचा इतिहास साथीच्या तारखांवरून लिहिता येत नाही. तो सुई, रक्ताची बाटली, परदेशातील प्रयोगशाळा आणि भारताचे पेटंट कार्यालय यांच्या हकिकती एकत्र जुळवूनच सांगावा लागतो.

डोळे पिवळे झाले की कावीळ उतरवणाऱ्याकडे जायचे, गळ्यात काविळीची माळ घालायची, तेलतूप बंद करून उसाचा रस प्यायचा आणि माळ लांबून पायाशी येईपर्यंत वाट पाहायची, ही रीत महाराष्ट्राच्या इतर भागांप्रमाणे तापीच्या दोन्ही काठांवरही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तिच्यावरील लोकांच्या विश्वासाला अनुभवाचा आधार होता, कारण दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ए आणि हिपॅटायटिस ई ही कावीळ बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते आणि बरे झाल्याचे श्रेय माळेला मिळते. हिपॅटायटिस सीचा विषाणू या दोघांहून वेगळा असून तो पाण्यातून किंवा अन्नातून येत नाही. लागण झाल्यानंतर बहुसंख्य रुग्णांचे डोळे पिवळेही होत नाहीत, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार सुमारे 70 टक्के लोकांच्या शरीरात तो कायमचा ठाण मांडतो. त्यांच्यापैकी 15 ते 30 टक्के लोकांना वीस वर्षांच्या आत सिऱ्होसिस, म्हणजे यकृत आक्रसून त्याच्या जागी व्रणासारखे निबर तंतू तयार होण्याचा विकार, जडतो आणि काहींना पुढे यकृताचा कर्करोग होतो. कावीळ दिसली तरच यकृताचा आजार, या समजुतीमुळे हा विषाणू गावगाड्यात सुखाने वावरू शकला.

त्याच्या प्रसाराचा मुख्य मार्ग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोकळा झाला, आणि तो मोकळा करण्यात वैद्यकाच्या प्रगतीचाच हात होता, हे या इतिहासातील सर्वांत क्लेशकारक सत्य आहे. पुण्याजवळ पिंपरी येथे 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पेनिसिलिन देशातच तयार होऊ लागले. त्यानंतरच्या दशकांत इंजेक्शन हे आधुनिक उपचाराचे प्रतीक बनले. तालुक्याच्या गावी दवाखान्यात गेलेला शेतकरी सुई टोचून घेतल्याशिवाय समाधानाने परतत नसे, अशक्तपणा वाटला की 'एक सलाईन लावा' असा आग्रह धरला जाई, आणि डॉक्टर असो वा पदवी नसलेला वैदू, सुईला नकार देणे कोणालाच परवडत नसे. काचेच्या सिरिंजा स्टीलच्या डब्यात उकळून एकामागून एक अनेकांना वापरल्या जात. गर्दीच्या दिवशी पाणी पुरेसे उकळत नसे, कधी फक्त सुई बदलली जाई आणि नळी तीच राहत असे. पुढे एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या सिरिंजा आल्या, तरी त्या धुऊन पुन्हा वापरण्याची सवय लगेच सुटली नाही. 2000 च्या दशकाच्या आरंभी देशभर झालेल्या इंडियाक्लेन या अभ्यासात भारतात दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांपैकी जवळजवळ 63 टक्के असुरक्षित ठरली होती. 2009 साली गुजरातमधील मोडासा येथे अशाच पुन्हा वापरलेल्या सिरिंजांमुळे हिपॅटायटिस बीची साथ पसरली आणि डझनांनी माणसे दगावली. नवापूरमार्गे गुजरातशी रोजची ये-जा असलेल्या खानदेशासाठी ती दूरची घटना नव्हती.

सुईने किती मोठा अनर्थ होऊ शकतो याचे उदाहरण इजिप्तने जगाला दाखवले. तेथे नाईल नदीकाठच्या लोकांना गोगलगायींमार्फत पसरणारा बिल्हार्झिया हा कृमिरोग होत असे, आणि तो घालवण्यासाठी 1950 ते 1980 या दशकांत सरकारने लाखो लोकांना टार्टर इमेटिकची इंजेक्शने सामुदायिक मोहिमेत दिली. सुया नीट निर्जंतुक न केल्यामुळे हिपॅटायटिस सीचे जगातील सर्वाधिक प्रमाण इजिप्तच्या वाट्याला आले. भारतात त्या तोडीची एकच मोहीम झाली नाही. येथे संसर्ग हजारो लहान दवाखान्यांतून, थोडा थोडा, कोणाच्या लक्षात न येता पसरत गेला. त्यात न्हाव्याच्या वस्तऱ्याची, जत्रेत एकाच सुईने अनेकींच्या हातावर केल्या जाणाऱ्या गोंदणाची आणि नंतर डायलिसिसच्या यंत्रांची भर पडली.

रक्त चढवणे हा दुसरा मोठा मार्ग होता. बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेली स्त्री, मुंबई-आग्रा किंवा सुरत-नागपूर महामार्गावर अपघातात जखमी झालेला प्रवासी, दर काही आठवड्यांनी रक्त लागणारे थॅलेसेमियाचे मूल, सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांतील सिकलसेलचा रुग्ण, या सर्वांना रक्ताने जीवदान दिले, पण 1990 पूर्वी त्या रक्तात हिपॅटायटिस सीचा विषाणू आहे की नाही हे तपासण्याचे साधन जगात कोठेच नव्हते. देशात पैसे घेऊन रक्त विकणाऱ्या व्यावसायिक दात्यांचा सुळसुळाट होता. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 4 जानेवारी 1996 रोजी दिलेल्या निकालाने ही पद्धत बंद करण्याचा आदेश दिला, राष्ट्रीय व राज्य रक्तसंक्रमण परिषदा स्थापन झाल्या, आणि 1 जानेवारी 1998 पासून व्यावसायिक रक्तदानावर बंदी आली. दात्याच्या रक्ताची हिपॅटायटिस सीसाठी सक्तीची तपासणी देशात 2001-02 च्या सुमारास सर्वत्र लागू झाली. जळगावातील रेडक्रॉस आणि माधवराव गोळवलकर रक्तकेंद्र यांसारख्या संस्थांनी ऐच्छिक रक्तदानाची जी शिबिरे गावोगावी घेतली त्यांचे मोल या पार्श्वभूमीवर लक्षात येते. स्वेच्छेने रक्त देणारा दाता हा तपासणीपूर्वीच्या काळातही सर्वांत सुरक्षित दाता होता.

विषाणूचा शोध लागण्याची कथा जागतिक आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हार्वी आल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 साली दाखवून दिले की रक्त चढवल्यानंतर होणाऱ्या बहुसंख्य काविळी ना हिपॅटायटिस एच्या आहेत ना बीच्या. त्या अज्ञात आजाराला 'नॉन-ए, नॉन-बी' असे नकारार्थी नाव देऊन विज्ञान पंधरा वर्षे थांबून राहिले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या सहभागाने याच सुमारास दिल्लीतील 1955-56 च्या काविळीच्या साथीचे जपून ठेवलेले रक्तजल तपासले जात होते, आणि तीही साथ ए वा बीची नव्हती असे 1980 साली निष्पन्न झाले. ती पुढे हिपॅटायटिस ई म्हणून ओळखली गेली आणि विद्या अरणकल्ले यांच्यासारख्या संशोधकांनी त्या विषयात पुण्याचे नाव जगभर नेले. रक्तातून येणाऱ्या विषाणूचा छडा मात्र कॅलिफोर्नियातील कायरॉन कंपनीत मायकल हॉटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज कुओ यांनी 1989 साली लावला. विषाणू सूक्ष्मदर्शकात दिसण्याआधी, प्रयोगशाळेत वाढवता येण्याआधी, केवळ त्याच्या जनुकीय तुकड्यावरून ओळखला जाण्याचे हे पहिलेच उदाहरण होते. त्यानंतर वर्षभरात रक्त तपासणीची चाचणी आली, आणि आल्टर, हॉटन व चार्ल्स राइस या तिघांना 2020 चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

शोधानंतर लगेच उपचार सापडला नाही. इंटरफेरॉन हे शरीर स्वतः तयार करत असलेले विषाणूरोधक प्रथिन औषध म्हणून 1991 पासून वापरात आले, 1998 पासून त्याला रिबाविरिन या गोळीची जोड मिळाली, आणि 2001 पासून आठवड्यातून एकदा टोचायचे पेगिलेटेड इंटरफेरॉन उपलब्ध झाले. उपचार सहा महिने ते एक वर्ष चाले. ताप, अंगदुखी, केस गळणे, रक्तातील पेशी घटणे आणि मनाला ग्रासणारे नैराश्य हे त्याचे नेहमीचे परिणाम होते, आणि इतके सोसूनही जीनोटाइप 1 या प्रकारच्या विषाणूचे निम्म्याच्या आसपास रुग्ण बरे होत. भारतात जास्त आढळणाऱ्या जीनोटाइप 3 वर गुण त्याहून चांगला येई. तरीही खर्च लाखांच्या घरात होता, आणि खानदेशातील रुग्णाला त्यासाठी बहुधा नाशिक, पुणे किंवा जळगावहून रेल्वेने सुमारे 420 किलोमीटर दूर असलेली मुंबई गाठावी लागे. केळीची बाग किंवा कपाशीचे शेत विकून उपचार पूर्ण करता येईल, पण बरे होण्याची खात्री नाही, असा हा सौदा होता. ज्याच्याकडे शेतच नव्हते त्याला तोही खुला नव्हता. सिऱ्होसिस पुढे गेलेल्या आणि डायलिसिसवर असलेल्या रुग्णांना, म्हणजे ज्यांना गरज सर्वांत जास्त होती त्यांना, हे औषध सोसवतही नसे.

हे चित्र पालटवणारे औषध विषाणूच्या आतल्या यंत्रणेच्या अभ्यासातून निघाले. हिपॅटायटिस सीच्या विषाणूची सारी माहिती सुमारे 9600 घटकांच्या एका आरएनए धाग्यात असते, आणि या धाग्याच्या नकला काढण्यासाठी तो स्वतःचे विकर, म्हणजे एन्झाइम, वापरतो. फार्मासेट या छोट्या अमेरिकी कंपनीत मायकल सोफिया यांच्या चमूने असा एक रेणू तयार केला की तो विषाणूला धाग्याचा खरा घटक वाटतो, नकलेत जोडला जातो आणि तेथेच ती नक्कल खुंटते. या रेणूला पुढे सोफिया यांच्यावरूनच सोफोसबुव्हिर हे नाव मिळाले. त्याच्या सोबत डॅक्लाटास्विर किंवा वेलपाटास्विर हे एनएस5ए या विषाणू-प्रथिनाला अडवणारे औषध दिले की विषाणूचे दोन्ही रस्ते बंद होतात. या गटाला 'थेट विषाणूवर काम करणारी औषधे' असे म्हणतात. एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बीप्रमाणे हा विषाणू पेशीच्या केंद्रात आपला वारसा लपवून ठेवत नाही, त्यामुळे नकला थांबल्या की तो शरीरातून नाहीसा होतो. रोजच्या गोळ्या, 12 आठवडे, आणि शंभरातील 95 च्या आसपास रुग्ण पूर्ण बरे. एखादा दीर्घकालीन विषाणूजन्य आजार औषधाने जवळजवळ प्रत्येक रुग्णात मुळापासून बरा होण्याचे वैद्यकाच्या इतिहासातील हे पहिले उदाहरण होय.

गिलियड या कंपनीने 2011 साली फार्मासेट सुमारे 11 अब्ज डॉलरना विकत घेण्याचा करार केला, डिसेंबर 2013 मध्ये अमेरिकेत सोफोसबुव्हिरला मान्यता मिळाली आणि एका गोळीची किंमत 1000 डॉलर ठरली. 84 गोळ्यांच्या कोर्सचे 84,000 डॉलर, त्या वेळच्या दराने सुमारे 50 लाख रुपये. लिव्हरपूल विद्यापीठाच्या अँड्र्यू हिल यांच्या गटाने 2014 मध्ये काढलेल्या अंदाजानुसार तोच कोर्स तयार करण्याचा खर्च 68 ते 136 डॉलर होता. या दोन आकड्यांमधील दरी हाच पुढील तीन वर्षांच्या लढ्याचा विषय होता, आणि खानदेशातील रुग्णाच्या नशिबाचा निकाल त्याच्या नकळत त्या लढ्यात लागत होता.

भारताला या लढ्यात जे बळ मिळाले त्याची मुळे जुनी आहेत. न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार यांच्या 1959 च्या अहवालावर आधारलेल्या 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर नव्हे तर केवळ तो तयार करण्याच्या पद्धतीवर पेटंट देण्याचे ठरवले, आणि त्यामुळे मुंबईची सिप्ला व इतर भारतीय कंपन्या स्वस्त औषधांचे जगातील सर्वांत मोठे कारखाने बनल्या. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे 2005 पासून रेणूवरील पेटंट परत आणावे लागले, तेव्हा संसदेने कलम 3(ड) मध्ये सुधारणा करून जुन्या रेणूच्या किरकोळ रूपांतरावर नवे पेटंट मिळू नये अशी तरतूद केली. याच कलमाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2013 रोजी कर्करोगावरील ग्लिव्हेक औषधाचा नोव्हार्टिस कंपनीचा दावा फेटाळला. कायद्याने आणखी एक दार उघडे ठेवले होते: पेटंट मंजूर होण्याआधी कोणीही नागरिक त्याला हरकत घेऊ शकतो. सोफोसबुव्हिरवर अशा हरकती दाखल झाल्या, त्यांत एचआयव्हीसह जगणाऱ्यांची 'दिल्ली नेटवर्क ऑफ पॉझिटिव्ह पीपल' ही संघटना होती. तिच्या अनेक सभासदांना दोन्ही विषाणूंची लागण असल्याने हा त्यांच्या जगण्याचाच प्रश्न होता.

या दबावाच्या वातावरणात सप्टेंबर 2014 मध्ये गिलियडने सात भारतीय कंपन्यांशी परवाना करार करून 91 विकसनशील देशांसाठी औषध तयार करण्याची मुभा दिली. जानेवारी 2015 मध्ये पेटंट कार्यालयाने गिलियडचा एक मुख्य अर्ज फेटाळला, त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेरविचारासाठी परत पाठवला आणि मे 2016 मध्ये पेटंट मंजूर झाले. कायद्याच्या दृष्टीने हा कंपनीचा विजय होता, पण तोवर बाजारात बरेच काही घडून गेले होते. मार्च 2015 मध्ये हैदराबादच्या नॅटको कंपनीचे औषध 28 गोळ्यांना 19,900 रुपये दराने आले, मागोमाग इतरांची आली आणि स्पर्धेत किमती झपाट्याने उतरल्या. गिलियडच्या परवान्याला केवळ औदार्य मानणे इतिहासाला धरून होणार नाही; पेटंट नाकारले जाण्याची खरी शक्यता समोर नसती तर तो परवाना इतक्या लवकर आणि इतक्या देशांसाठी मिळाला असता असे मानायला आधार नाही. त्याच वेळी हेही नोंदवले पाहिजे की ब्राझील आणि चीनसारखे देश त्या यादीबाहेर राहिले आणि तेथील रुग्णांना वर्षानुवर्षे महाग औषधाची किंमत मोजावी लागली.

84 गोळ्यांचा हा सुमारे साठ हजारांचा कोर्स पन्नास लाखांच्या मानाने स्वस्त असला, तरी चोपड्यातील किंवा साक्रीतील शेतमजुराला तो परवडणारा नव्हता. औषध खाजगी बाजारातून सरकारी दवाखान्यात आणण्याचे पहिले मोठे काम पंजाबने केले. तेथे 2016 पासून मोफत उपचार सुरू झाला आणि जिल्हा रुग्णालयातील सामान्य फिजिशियनही हा उपचार चांगला देऊ शकतो हे सिद्ध झाले. त्या अनुभवावर उभा राहिलेला राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम 28 जुलै 2018 रोजी, जागतिक हिपॅटायटिस दिनी, देशभर सुरू झाला. योगायोग असा की त्याच वर्षी जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्यापूर्वीपासून होते. त्यामुळे तापी खोऱ्यातील दोन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी अध्यापन रुग्णालय आणि मोफत औषधाचा राष्ट्रीय कार्यक्रम यांची सांगड प्रथमच बसू शकली. 2020 साली कोविडच्या साथीत जळगावचे शासकीय रुग्णालय कोविड रुग्णालय म्हणून राबले आणि इतर आजारांच्या तपासण्या देशभर मागे पडल्या, हा या कार्यक्रमाला बसलेला मोठा फटका होय.

कार्यक्रमातील उपचाराची पद्धत साधी ठेवलेली आहे आणि तिचे बळ त्या साधेपणातच आहे. प्रथम रक्ताच्या थेंबावर अँटी-एचसीव्ही ही झटपट चाचणी होते, जी विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे दाखवते. ती पॉझिटिव्ह आली तर विषाणू आजही रक्तात आहे का हे पाहण्यासाठी आरएनए चाचणी, म्हणजे रुग्णांच्या बोलण्यातील 'व्हायरल लोड', करतात. क्षयरोगासाठी बसवलेली जीनएक्सपर्ट किंवा गोव्याच्या मोलबायो कंपनीची ट्रूनॅट ही यंत्रे हेच काम करू शकतात. यकृत किती खराब झाले हे बायोप्सी न करता प्लेटलेट आणि यकृताच्या एन्झाइमांच्या साध्या तपासण्यांवरून सूत्राने काढले जाते. सिऱ्होसिस नसेल तर सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटास्विर 12 आठवडे, सिऱ्होसिस असेल तर सोफोसबुव्हिर आणि वेलपाटास्विर, आणि यकृत निकामी होऊ लागले असेल तर त्यात रिबाविरिनची भर किंवा 24 आठवड्यांचा कोर्स. गोळ्या संपल्यानंतर 12 आठवड्यांनी पुन्हा आरएनए चाचणी करून विषाणू सापडला नाही तर रुग्ण बरा झाला असे मानतात.

बरे झाल्यानंतरही अँटी-एचसीव्ही चाचणी आयुष्यभर पॉझिटिव्ह येत राहते, कारण प्रतिपिंडे टिकून राहतात. यामुळे शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत बऱ्या झालेल्या माणसाला पुन्हा 'सी पॉझिटिव्ह' म्हणून बाजूला काढले जाते. आरएनए चाचणीचा कागद सोबत ठेवणे हा यावरचा साधा उपाय आहे, आणि तो रुग्णाला समजावून सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. बरे झालेल्याला असुरक्षित सुईने पुन्हा लागण होऊ शकते, आणि ज्याला सिऱ्होसिस झाला आहे त्याने विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून कर्करोग नाही याची खात्री करत राहिले पाहिजे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीतील नमुन्यांवर आधारलेल्या पाहणीत देशात 0.32 टक्के लोकांत हिपॅटायटिस सीची प्रतिपिंडे आढळली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या अहवालाने 2022 मधील भारतातील रुग्णसंख्या सुमारे 55 लाख धरली. यांतील बहुसंख्यांना आपल्याला हा आजार आहे हे माहीत नाही. इजिप्तने 2018-19 मध्ये कोट्यवधी नागरिकांची तपासणी करून आणि लाखोंना औषध देऊन हाच प्रश्न सोडवला, आणि 2023 साली हिपॅटायटिस सीच्या उच्चाटनाच्या मार्गावरील जागतिक आरोग्य संघटनेची सुवर्ण श्रेणी मिळवणारा तो पहिला देश ठरला. लस नसलेल्या या आजारात तपासणी हाच प्रतिबंधाचाही मार्ग आहे, कारण बरा झालेला प्रत्येक रुग्ण संसर्गाचा एक स्रोत कमी करतो. खानदेशात औषधाची कमतरता हा आता मुख्य अडथळा राहिलेला नाही. अडथळा आहे तो ज्यांना लक्षण नाही त्यांना तपासणीपर्यंत आणण्याचा.

ज्यांना 2002 पूर्वी कधी रक्त चढवले गेले आहे, ज्यांनी काचेच्या सिरिंजांच्या काळात वारंवार इंजेक्शने घेतली आहेत, जे डायलिसिसवर आहेत, ज्यांच्या अंगावर जत्रेतील गोंदण आहे, आणि ज्यांच्या घरात यकृताच्या आजाराने कोणी गेले आहे, त्या प्रत्येकाने जिल्हा किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाऊन आयुष्यात एकदा तरी अँटी-एचसीव्ही तपासणी करून घ्यावी. राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी, पुढची आरएनए चाचणी आणि 12 आठवड्यांच्या गोळ्या मोफत आहेत.